३४ राज्यांनी मागितली तर अमेरिकी काँग्रेसला घटना परिषद बोलवावीच लागते का?

तळटीप

अमेरिकी घटनेच्या अनुच्छेद ५ मध्ये दुरुस्ती सुचवण्याच्या दोन वाटा आहेत. एक, काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी मसुदा मंजूर करायचा. दुसरी, दोन तृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांनी अर्ज करायचा आणि काँग्रेसने दुरुस्त्या सुचवण्यासाठी परिषद बोलवायची. मसुदा कुठूनही येवो, तो घटनेत जायला तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरी लागतेच. ५० राज्यांच्या हिशेबाने अर्जाला ३४ आणि मंजुरीला ३८. आजवरच्या सगळ्या २७ दुरुस्त्या पहिल्या वाटेने आल्या. दुसऱ्या वाटेने एकही नाही.

माझं मत आधीच मांडतो. ३४ अर्ज आले की काँग्रेसपुढे पर्याय उरत नाही. तिथला शब्द 'शॅल कॉल' आहे, 'मे कॉल' नव्हे. घटनेच्या बाजूने त्या काळी लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' लेखमालेच्या ८५ व्या लेखात अलेक्झांडर हॅमिल्टनने हे शब्द आज्ञार्थी आहेत आणि या बाबतीत काँग्रेसच्या मर्जीवर काहीही सोडलेलं नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे.

हे कलम कसं आलं तेही बघा. १५ सप्टेंबर १७८७, घटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फिया परिषदेचं काम संपायला दोन दिवस. तोवरच्या मसुद्यात राज्यांनी मागणी केली तरी दुरुस्ती मांडणार काँग्रेसच, असं होतं. जॉर्ज मेसनने आक्षेप घेतला की जुलूम काँग्रेसनेच केला तर त्यावरची दुरुस्ती तीच कशाला पुढे आणेल? त्यावर गूव्हर्नूर मॉरिस आणि एल्ब्रिज गेरी यांनी परिषदेची तरतूद सुचवली आणि ती स्वीकारली गेली. म्हणजे ही वाट काँग्रेसला वळसा घालण्यासाठीच काढलेली आहे. तिच्या तोंडाशी काँग्रेसलाच नकाराचा अधिकार देऊन बसवलं तर मेसनच्या आक्षेपाला काही अर्थच उरत नाही.

नीरेकाठ

शब्दाबद्दल वाद नाही. ३४ झाले की बोलवायचीच. पण ३४ झाले हे ठरवायचं कुणी? सगळी गोम तिथे आहे.

राज्याचा अर्ज प्रत्यक्षात कसा जातो ते सांगते. विधिमंडळाची दोन्ही सभागृहं एकच ठराव मंजूर करतात (नेब्रास्कात सभागृह एकच, तिथे एकदाच). राज्यपालाची सही लागत नाही. प्रती जातात सिनेटचे अध्यक्ष आणि सचिव, प्रतिनिधीगृहाचे सभापती आणि क्लार्क यांच्याकडे. सिनेटमध्ये त्याला 'पीओएम' क्रमांक मिळतो, म्हणजे 'पिटिशन ऑर मेमोरियल', आणि काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये तो छापला जातो. मग तो न्यायव्यवस्था समितीकडे जातो आणि तिथेच राहतो. त्यानंतर कायद्याने ठरलेली एकही पायरी नाही.

मंजुरीचं तसं नाही. राज्यांनी दुरुस्ती मंजूर केल्याची कागदपत्रं राष्ट्रीय अभिलेखपालाकडे जातात, तो मोजतो आणि प्रमाणपत्र देतो. कायद्यात तशी तरतूद आहे. अर्ज मोजणारा असा अधिकारी कायद्याने नेमलेलाच नाही. जानेवारी २०१५ मध्ये प्रतिनिधीगृहाने नियमात एवढीच भर घातली की समितीच्या अध्यक्षाने आलेले अर्ज आणि माघारीचे ठराव निवडून क्लार्कने ते लोकांना बघण्यासाठी उपलब्ध करावेत. ती यादी आहे, मोजणी नाही. कुठला अर्ज चालू, कुठला बाद, कुठले दोन एकाच विषयावरचे, याचा निवाडा त्यात नाही.

माळरान

बरोबर. आणि आकडा स्वतःही हलतो. १९१२ च्या सुरुवातीला न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना संघात आली. ४६ राज्यांना ३१ अर्ज पुरत होते, ४८ झाल्यावर ३२ लागायला लागले. १९५९ मध्ये अलास्का आणि हवाई आल्यावर ३४. आत येणारं राज्य उंबरठाही वर नेतं.

अर्ज किती वर्षं जिवंत राहतो, यावर कुणी लिहील का?

बखर

यावर दोन टोकाची मतं आहेत आणि दोन्हींना आधार आहे.

अर्ज कायम जिवंत मानणारे २७ व्या दुरुस्तीकडे बोट दाखवतात. काँग्रेसने ती १७८९ मध्ये पाठवली आणि ती मंजूर झाली १९९२ मध्ये. मंजुरी दोनशे वर्षं तग धरते, तर अर्ज का नाही? व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क या दोघांनी सर्वसाधारण परिषदेसाठी केलेले अर्ज मे १७८९ मध्ये पहिल्या काँग्रेससमोर आले होते. न्यूयॉर्कच्या त्या अर्जाला विषयाचं बंधन नाही. म्हणून काही जणांचा युक्तिवाद असा: असे बिनविषयाचे जुने अर्ज कुठल्याही एका विषयाच्या अर्जांत मिळवता येतात, कारण सगळं मागणाऱ्याने एक गोष्टही मागितलेली असतेच. याच पद्धतीने मोजून १९७९ मध्येच उंबरठा ओलांडला गेला होता, असं म्हणत टेक्ससचे प्रतिनिधी जोडी ॲरिंग्टन यांनी जुलै २०२२ मध्ये परिषद बोलवण्याचा ठराव प्रतिनिधीगृहात मांडला. तो मंजूर झाला नाही.

विरुद्ध बाजूला डिलन विरुद्ध ग्लॉस हा १९२१ चा निकाल आहे. प्रस्ताव आणि मंजुरी ही एकाच प्रयत्नाची अंगं आहेत, त्यांच्यात फार अंतर नसावं आणि मंजुरीतून साधारण एकाच काळातली लोकेच्छा दिसावी, असं न्यायालय म्हणालं. हे तत्त्व अर्जाला लावलं तर १७८९ चा न्यूयॉर्क आणि आजचं ॲरिझोना यांची बेरीज होऊ शकत नाही.

मला दुसरी बाजू पटते. ३४ विधिमंडळांना एकाच काळात एकच दुखणं जाणवलं, तरच ती राज्यांची एकत्रित मागणी ठरते. एकमेकांशी संबंध नसलेले कागद शतकभर गोळा करून ढीग रचला, तर ती मागणी कुणाची?

तळटीप

बखर, इथे मी तुमच्याशी असहमत आहे. अनुच्छेद ५ मध्ये मुदत लिहिलेली नाही. काँग्रेस दुरुस्ती पाठवताना ७ वर्षांची मुदत घालते, ती तिने घातलेली अट. राज्याला अर्ज संपवायचा असेल तर माघार घेता येते किंवा ठरावातच मुदत लिहिता येते. त्याने तसं काही केलं नसेल, तर काँग्रेसने परस्पर तो शिळा ठरवणं म्हणजे मागच्या दाराने नकाराधिकार देणं.

नीरेकाठ

पण माघार तरी चालते का? त्यावरही एकमत नाही.

संतुलित अर्थसंकल्पाच्या दुरुस्तीचंच उदाहरण घ्या. १९८३ मध्ये मिसूरीचा अर्ज आला आणि संख्या ३२ झाली. दोन कमी. मग उलटा प्रवास सुरू झाला: १९८८ मध्ये अलाबामा आणि फ्लोरिडा यांनी माघार घेतली, १९९० मध्ये लुइझियानाने, आणि पुढे बरीच राज्यं मागे सरली. नंतर वारं फिरलं आणि फ्लोरिडाने २०१० मध्ये पुन्हा अर्ज केला. २०१३ मध्ये ओहायो, २०१४ मध्ये मिशिगन. मिशिगनच्या वेळी काही जण म्हणाले की माघार कायद्याने शक्यच नसेल तर जुने आणि नवे मिळून ३४ झाले. माघार ग्राह्य धरली तर संख्या खूप खाली. तेच कागद, मोजणी दोन.

दुसऱ्या बाजूने डेलावेअरने २०१६ मध्ये, तर मेरीलँड, न्यू मेक्सिको आणि नेवाडा यांनी २०१७ मध्ये आपले जुने अर्ज सरसकट मागे घेतले.

मंजुरीच्या माघारीचा एक जुना दाखला आहे. १४ व्या दुरुस्तीची मंजुरी ओहायो आणि न्यू जर्सी यांनी १८६८ मध्ये मागे घेतली होती, तरी काँग्रेसने दोघांनाही धरलं. पण मंजुरी आणि अर्ज यांत फरक आहे असं मी मानते. मंजुरी म्हणजे समोर ठेवलेल्या मसुद्यावर दिलेलं मत. अर्ज म्हणजे विनंती, आणि विनंती पूर्ण संख्या होईपर्यंत मागे घेता आली पाहिजे. ३४ वा अर्ज पोहोचल्यानंतर मात्र नाही.

कलमकसाई

आता न्यायालयाचा भाग. ३४ निर्विवाद झाले आणि काँग्रेस गप्प बसली, तर राज्यं काय करू शकतात? पायरीपायरीने पाहू.

दावा कुणावर? काँग्रेसच्या सदस्यांवर थेट नाही. घटनेतलं भाषण आणि वादविवादाचं संरक्षण त्यांना सभागृहातल्या कामासाठी, म्हणजे मतदानासाठी आणि मत न देण्यासाठीही, न्यायालयात खेचू देत नाही. पॉवेल विरुद्ध मॅक्कॉर्मॅक या १९६९ च्या प्रकरणात सदस्यांवरचा दावा याच कारणाने गेला, सभागृहाच्या कर्मचाऱ्यांवरचा टिकला. म्हणजे प्रतिवादी म्हणून क्लार्क किंवा सचिव. पण परिषद बोलवण्याचा ठराव त्यांच्या हातात कुठे आहे?

मागायचं काय? परमादेश मागितला तर न्यायालयाला ५३५ जणांच्या विधिमंडळाला 'ठराव करा' असं सांगावं लागेल. तसा आदेश सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसला कधीही दिलेला नाही. घोषणात्मक निवाडा मागता येईल, म्हणजे 'कर्तव्य उत्पन्न झालं आहे' एवढंच. मला हीच एक वाट थोडी मोकळी दिसते, कारण पॉवेल प्रकरणात न्यायालयाने नेमकं हेच केलं होतं.

त्यापुढची भिंत म्हणजे कोलमन विरुद्ध मिलर, १९३९. बालमजुरीची दुरुस्ती कॅन्ससने १९२५ मध्ये फेटाळली आणि १९३७ मध्ये मंजूर केली. हे चालतं का, आणि एवढ्या वर्षांनी चालतं का, हे दोन्ही राजकीय प्रश्न आहेत, काँग्रेसने ठरवावेत, असा निकाल आला. चार न्यायमूर्ती तर दुरुस्तीची सगळी प्रक्रियाच काँग्रेसच्या ताब्यातली मानत होते. हा निकाल मला चुकीचा वाटतो. त्यात काँग्रेसने स्वतः पाठवलेल्या दुरुस्तीचा प्रश्न होता. काँग्रेसला बाजूला ठेवण्यासाठी केलेल्या तरतुदीत काँग्रेसलाच न्यायाधीश करणं वेगळं. पण निकाल उभा आहे, आणि खालच्या न्यायालयात पहिल्याच सुनावणीत तो पुढे केला जाईल.

माळरान

काँग्रेस बोलवत नसेल तर राज्यांनी आपण होऊन भरवली तर? १७८६ मध्ये ॲनापोलिसला पाच राज्यांचे लोक जमले होते. सप्टेंबर २०१७ मध्ये ॲरिझोनाच्या निमंत्रणावरून फिनिक्सला तयारीची बैठकही झाली.

कलमकसाई

जमायला कुणाची ना नाही. पण पुढे अडतं. मसुद्याची मंजुरी विधिमंडळांकडून घ्यायची की राज्याराज्यांत निवडलेल्या मंजुरी परिषदांकडून, ही निवड अनुच्छेद ५ ने काँग्रेसला दिली आहे आणि स्प्रेग प्रकरणात १९३१ साली न्यायालयाने ती काँग्रेसचीच असल्याचं स्पष्ट केलं. दुसरी पद्धत एकदाच वापरली, दारूबंदी उठवणाऱ्या २१ व्या दुरुस्तीला, १९३३ मध्ये. काँग्रेसने पद्धत ठरवली नाही तर ३८ राज्यांनी मंजुरी देऊनही अभिलेखपाल प्रमाणपत्र कशाच्या आधारावर देणार? नाके दोन ठिकाणी आहेत, एक बोलवताना आणि एक मंजुरीला पाठवताना, आणि दोन्हीकडे काँग्रेस उभी आहे.

तळटीप

तुमचं दोन नाक्यांचं बरोबर आहे. पण मग राज्यांकडे काहीच उरत नाही असा निष्कर्ष काढला तर इतिहास आडवा येतो. अर्जांनी काँग्रेस हलली आहे, आणि ती ३४ च्या आधीच हलली आहे.

पहिलं उदाहरण १७८९ चं. व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्कचे अर्ज टेबलावर होते, दुसरी परिषद झाली तर नवी घटनाच मोडून पडेल ही भीती मॅडिसनला होती, आणि त्याने दुरुस्त्या स्वतः पुढे आणल्या. २५ सप्टेंबरला काँग्रेसने १२ कलमं राज्यांकडे पाठवली. त्यातली १० म्हणजे आजचं हक्कांचं विधेयक, 'बिल ऑफ राइट्स'.

दुसरं, सिनेटरांची थेट निवडणूक. प्रतिनिधीगृह हा मसुदा पुन्हापुन्हा मंजूर करत होतं आणि सिनेट दाबून ठेवत होती, कारण विधिमंडळांनी निवडून दिलेल्या सिनेटरांची खुर्चीच त्यात पणाला लागत होती. राज्यांचे अर्ज उंबरठ्याजवळ आले तेव्हा सिनेटचं गणित बदललं. राज्यांनी परिषद भरवली तर मसुदा आपल्या हातात राहणार नाही, त्यापेक्षा आपणच लिहू. १९१२ मध्ये मसुदा गेला, ८ एप्रिल १९१३ ला १७ वी दुरुस्ती मंजूर.

संतुलित अर्थसंकल्पाचंही तेच, फक्त शेवट वेगळा. अर्जांचा दाब वाढत होता तेव्हा, ऑगस्ट १९८२ मध्ये, सिनेटने दुरुस्ती ६९ विरुद्ध ३१ मतांनी मंजूर केली. ऑक्टोबरमध्ये प्रतिनिधीगृहात २३६ विरुद्ध १८७ पडली, दोन तृतीयांशाला कमी.

बखर

दाब फसल्याचंही एक उदाहरण जोडतो. १९६४ मध्ये रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स निकालाने राज्यांच्या विधिमंडळांची दोन्ही सभागृहं लोकसंख्येच्या प्रमाणात निवडायला लावली. सिनेटर एव्हरेट डर्कसन यांनी ते उलटवण्यासाठी अर्जांची मोहीम चालवली आणि १९६९ पर्यंत ३३ गोळा झाले. एक कमी. त्याच सप्टेंबरमध्ये डर्कसन वारले. पण मोहीम अडण्याचं मोठं कारण वेगळं होतं: तोवर नव्या मतदारसंघांतून नवी विधिमंडळं निवडून आली होती, आणि जुनी रचना परत आणण्यात त्यांना रस नव्हता. अर्ज करणारं विधिमंडळच मोहिमेच्या काळात बदलतं, हे गणितात धरावं लागतं.

इंद्रायणी८

सगळ्यांत मोठा प्रश्न राहिला. परिषद एकदा बसली की तिला एका विषयावर बांधून ठेवता येतं का? अमेरिकेत डावीकडची कॉमन कॉज आणि उजवीकडची जॉन बर्च सोसायटी या दोन्ही संघटना एकाच भीतीने विरोध करतात, ती हीच.

१७८७ चा दाखला देतात तो उगाच नाही. २१ फेब्रुवारी १७८७ चा ठराव होता कॉन्फेडरेशनच्या कलमांत, म्हणजे आजच्या घटनेआधीच्या जुन्या व्यवस्थेत, सुधारणा करण्याचा, 'केवळ आणि स्पष्ट' त्याच कामासाठी. बाहेर आली संपूर्ण नवी घटना. जुन्या कलमांत बदलाला १३ च्या १३ राज्यांची संमती लागत होती, नव्या घटनेने ती ९ वर आणली. ऱ्होड आयलंड तर आलंच नव्हतं.

तळटीप

त्या वेळी नियम बदलून टाकता आला कारण जुनी व्यवस्था मोडकळीला आली होती. आज परिषद फक्त सुचवू शकते. ३८ राज्यांची मंजुरी तिच्या हातात नाही. १३ विधिमंडळांनी हात आखडले की मसुदा मेला, आणि विधिमंडळाचं एकच सभागृह अडलं तरी ते राज्य गेलं. लोकसंख्येने लहान १३ राज्यंही हे करू शकतात.

प्रतिनिधींना बांधण्याचे कायदे राज्यं करत आहेत. इंडियानाने २०१३ मध्ये केले: ठरलेल्या विषयाबाहेर दिलेलं मत बाद, प्रतिनिधी परत बोलावता येतो, शिक्षाही आहे. २०२० मध्ये चियाफालो प्रकरणात अध्यक्षपदाच्या निर्वाचकांना राज्य बांधू शकतं असा एकमताने निकाल लागला. परिषदेच्या प्रतिनिधींना तो आपोआप लागत नाही, पण दिशा तीच.

इंद्रायणी८

१३ चा बांध आहे, मान्य. पण मंजुरीची पद्धत काँग्रेस ठरवते, आणि तिने विधिमंडळं सोडून निवडलेल्या मंजुरी परिषदा निवडल्या तर तुमची ती अडणारी सभागृहं बाजूला पडतात. १९३३ मध्ये दारूबंदीसमर्थक विधिमंडळांना असंच टाळलं होतं. शिवाय परिषदेत मतदान कसं, प्रत्येक राज्याला एक मत की लोकसंख्येनुसार? वायोमिंगला आणि कॅलिफोर्नियाला सारखं वजन? अनुच्छेद ५ यावर गप्प आहे. बहुमत साधं की दोन तृतीयांश, गप्प. मॅडिसनने त्या १५ सप्टेंबरलाच बोलून दाखवलं होतं की परिषदेचं स्वरूप, गणसंख्या वगैरेंवरून अडचणी येतील. त्या जशाच्या तशा आहेत. सिनेटर सॅम एर्विन यांचं परिषदेच्या कार्यपद्धतीचं विधेयक सिनेटने १९७१ मध्ये ८४ विरुद्ध ० मतांनी आणि १९७३ मध्ये पुन्हा मंजूर केलं. प्रतिनिधीगृहाने ते पुढे नेलं नाही. पन्नास वर्षं झाली.

सभागृह

आपल्याकडचा संदर्भ थोडक्यात, कारण तो थेट याच मुद्द्याचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की परिषद किंवा सार्वमत यांसारख्या किचकट पद्धती मसुद्यातून जाणूनबुजून वगळल्या आहेत आणि दुरुस्तीचा अधिकार केंद्राच्या व प्रांतांच्या कायदेमंडळांकडे ठेवला आहे. प्रत्यक्षात अनुच्छेद ३६८ मध्ये सुरुवात फक्त संसदेतून होते. ठरावीक तरतुदींना निम्म्या राज्यांची मंजुरी लागते, जशी २०१६ मध्ये वस्तू आणि सेवा कराच्या १०१ व्या दुरुस्तीला लागली आणि महाराष्ट्र विधिमंडळाने दिली. पण सगळ्या राज्यांनी मिळून ठराव केले तरी संसदेवर बंधन नाही. राज्याच्या ठरावाशिवाय हलत नाही असं एक ठिकाण म्हणजे अनुच्छेद १६९, विधान परिषद स्थापणं किंवा रद्द करणं. तिथेही ठरावानंतर संसद कायदा 'करू शकेल', करेलच असं नाही. 'शॅल' आणि 'मे' यांतला फरक तळटीप म्हणतात तो तिथे नेमका दिसतो.

नीरेकाठ

सभागृह, छान जोड.

तळटीप, तुमच्या मूळ प्रश्नावर माझं उत्तर आता असं आहे: कर्तव्य खरं आहे, पण ते मोजणीवर टांगलेलं आहे आणि मोजणी काँग्रेसकडे आहे. म्हणून राज्याला काही करता येण्यासारखं असेल तर ते अर्जाच्या मसुद्यात. वाद घालायला जागाच उरू नये असा अर्ज लिहायचा. त्यात पुढच्या गोष्टी हव्यात असं मला वाटतं.

अनुच्छेद ५ चं नाव आणि 'परिषद बोलवावी' हे शब्द थेट हवेत. 'काँग्रेसने दुरुस्ती सुचवावी, अन्यथा परिषद' अशी सशर्त भाषा नको, ती अट पुरी झाली का यावरच वाद होतो. विषय एका वाक्यात, पण दुरुस्तीचा शब्दशः मजकूर नको. मजकूर बांधला तर परिषदेला विचार करायला काही उरत नाही आणि तो अर्ज वैध नाही असा आक्षेप येतो. आणि कुणाच्या अर्जांबरोबर मोजायचं ते नावानिशी लिहायचं: अमुक विषयावरच्या अमुक राज्यांच्या अर्जांत हा मिळवावा. इथेच बहुतेक अर्ज मार खातात. २०१४ मध्ये जॉर्जियापासून सुरू झालेल्या 'कन्व्हेन्शन ऑफ स्टेट्स' मोहिमेने सगळीकडे तोच मजकूर चालवला म्हणून २०२२ मध्ये दक्षिण कॅरोलिनाला आपण १९ वं राज्य हे निःशंक सांगता आलं. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये बंदुकांच्या नियंत्रणासाठी केलेला अर्ज या बेरजेत येत नाही, हेही त्यामुळेच उघड आहे.

तळटीप

एकच भर. त्यांच्या मजकुरात विषय तीन आहेत: खर्चावर बंधन, केंद्राच्या अधिकारांना मर्यादा आणि पदावधीची मर्यादा. फक्त संतुलित अर्थसंकल्प मागणारी राज्यं यातल्या पहिल्याशी जुळतात. मग ती १९ मध्ये मिळवायची का?

नीरेकाठ

नाही. अर्थसंकल्पवाल्यांनी केंद्राच्या अधिकारांवर परिषद मागितलेलीच नाही. पण उलट बाजूने, तीन विषय मागणाऱ्यांनी अर्थसंकल्पही मागितला असं म्हणता येतं का, हा प्रश्न कठीण आहे, आणि बखरनी वर दिलेला 'सगळं मागणाऱ्याने एकही मागितलं' हाच युक्तिवाद तिथे लागेल. त्यासाठी दोन्हीकडचे ठराव शेजारी ठेवून वाचावे लागतील. क्लार्कच्या यादीत मूळ प्रती आहेत. मी अर्थसंकल्पाचे अर्ज वाचून त्यांचे शब्द इथे उतरवते, तुम्ही दुसऱ्या मोहिमेचे घ्या.